मेणाचं विरजण

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर सूचना झाल्या. लग्नाचे पुकार झाले, टाकीच्या साफसफाईचं झालं, आणि मग सेक्रेटरीसाहेबांनी घसा साफ करून सांगितलं, ‘‘यंदाच्या कुटुंब-उपासनेला मेणबत्त्या सेलवरच्या असतील. कृपया कोणीही घरून मेणबत्ती आणू नये. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी आहे, सहकार्य करावं.’’

बाहेर टेबलावर नमुना ठेवला होता. मी उचलून पाहिला. पांढरं प्लॅस्टिक, वर बोटाच्या पेराएवढी पिवळी ज्योत, तीही खरीसारखी थरथरते. उलटी केली तर बुडाला खटका. छान आहे हो, वाईट काय? वाऱ्याने विझत नाही, हात भाजत नाही, साडीला डाग नाही. आणि संपत नाही. आता जी वस्तू संपत नाही तिचं उरणार काय, आणि काही उरलंच नाही तर पुढच्या वर्षी विरजण कशाचं लावायचं? पण हे विचारू कोणाला? कमिटीत सगळी माझ्या भाच्यांच्या वयाची मंडळी. म्हणतील, लीलाआत्यांचं वय झालं.

घरी येऊन रूथला पुण्याला फोन लावला. रूथ माझी धाकटी बहीण, सात वर्षांनी लहान, आणि अजूनही माझ्याशी बोलताना तिचा आवाज सहा वर्षांचा होतो.

‘‘सेलवरची?’’ ती ओरडली. ‘‘मग ताई, विरजण?’’

‘‘कोमट दुधात दोन सेल टाक,’’ मी म्हटलं.

ती खळखळून हसली. मग दोघींपैकी कोणीच फोन ठेवेना. मला ठाऊक होतं ती कुठल्या डिसेंबरात जाऊन बसलीय. मीही तिथंच होते.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. वाट पाहायचे दिवस. देवळात वेदीवर जांभळं कापड चढायचं, सुरूच्या फांद्यांचं एक कडं बांधलं जायचं, त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत करत चौथ्या रविवारी चारही. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, अजूनही. शरणपूरच्या बाजूला आमची दोन खोल्यांची कौलारू घरं होती, एकाला एक लागून, आणि तिथून देवळाची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची.

नाशिकची थंडी तेव्हा थंडी होती. हे वाक्य माझ्या वयाच्या सगळ्या बायका म्हणतात, मीही म्हणते, काय करणार? सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायचं. स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास. कोपऱ्यावर पेरूवाली, तिच्या टोपलीत मिठाची पुडी. दिंडोरीकडून येणारी माणसं द्राक्षांच्या गोष्टी करायची, फवारणी झाली का, घड कसे धरलेत. आणि संध्याकाळी बेकरीच्या दाराशी आमच्या वस्तीतल्या बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात केकच्या मिश्रणाचा डबा, झाकणावर खडूने आडनाव. ओव्हन बेकरीवाल्याचा, अंडी-साखर आपली. डबे बदलले की भांडणं ठरलेली. ‘‘माझ्यात बेदाणे होते, ह्यात कुठायत?’’ हा वाद नव्या वर्षापर्यंत पुरायचा.

देवळात एरवी पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. फक्त कुटुंब-उपासनेला, चौथ्या रविवारच्या संध्याकाळी, एका घरची माणसं एकत्र बसायची. माझे आई-पप्पा देवळात शेजारी-शेजारी बसलेले मी वर्षातून त्या एकाच संध्याकाळी पाहिले. आई जरा लाजायची, पदर सारखा करायची. पप्पा उगाच खाकरायचे. दिवे मालवले जायचे, पेटीवाला सूर धरायचा, आणि पाळकसाहेब एकेका घराचं नाव घ्यायचे.

‘‘पवारांचं घर!’’

‘‘आलं!’’ असं त्या घरच्या सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं आणि उठायचं. वेदीपुढे वाळूची परात असायची. घरची मेणबत्ती घरच्या बाईने कड्यातल्या ज्योतीवर पेटवायची आणि वाळूत रोवायची. आणखी काही नाही. भाषण नाही, बक्षीस नाही. सगळी घरं पुकारून झाली की परात उजेडाने भरून जायची, आणि आम्ही पोरं आपापली मेणबत्ती कुठली ते लांबून ओळखायचो.

ओळखू यायची, कारण मेणबत्त्या बाजारच्या नसत. तिसऱ्या रविवारी दुपारी शांताकाकूंच्या अंगणात त्या ओतल्या जायच्या. शांताकाकू आमच्या भिंतीपलीकडच्या, आईची जिवाभावाची मैत्रीण, आवाजाने अंगण झाडून निघेल अशा. वर्षभर दिवे जायचे तेव्हा जळलेल्या मेणबत्त्यांची थोटकं सगळ्या बायका जमवून आणायच्या. डालड्याच्या डब्यात घालून तो उकळत्या पाण्यात ठेवायचा. साचा म्हणजे पपईच्या पानाचा देठ, आतून पोकळ. मधून सुताची वात ओढून घ्यायची, खालचं तोंड ओल्या कणकेने बंद करायचं आणि मेण ओतायचं. थिजलं की देठ चिरून सोलायचा. मेणबत्ती निघायची ती जरा वाकडी, अंगावर देठाच्या रेघा, रंग म्हणाल तर जुन्या दातांसारखा.

आणि प्रत्येक घरच्या मेणात त्या घरचं मागच्या वर्षीचं थोटूक पडलंच पाहिजे. उपासना झाली की मेणबत्ती विझवून, उरलेला तुकडा घरी आणून, कागदात गुंडाळून जपून ठेवायचा, तो ह्यासाठी. त्याला बायका विरजण म्हणायच्या. दह्याला जसं कालचं दही लागतं तसं. पाळकसाहेब एकदा म्हणाले, ‘‘हे शास्त्रात कुठं नाही हो, शांताबाई.’’ काकू म्हणाल्या, ‘‘करंज्या तरी कुठायत शास्त्रात? त्या बऱ्या चालतात तुम्हाला.’’ साहेब हसले आणि तो विषय तिथंच संपला.

आमचं विरजण आईच्या माहेरचं. लग्न होऊन ती नाशिकला आली तेव्हा तिच्या आईने रुमालाच्या टोकाला बांधून दिलेला तुकडा. एका वर्षी शांताकाकूंचं थोटूक उंदरांनी खाल्लं, मेण उंदरांना फार आवडतं, तेव्हा आईने आमच्यातलं अर्धं कापून त्यांना दिलं. विरजण मागायला लाज नाही आणि द्यायला नाही म्हणायचं नाही, हा दह्याचाच नियम. आमचा तुकडा स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, डालड्याच्या डब्यात असायचा. वर्षभर त्याला कोणी हात लावायचा नाही. रूथला आईने सांगितलं होतं, ‘‘ह्यात सगळ्या वर्षांचा उजेड आहे, बरं का. आजीने लावलेला पण.’’ रूथचे डोळे मोठे व्हायचे.

आता मागच्या दाराचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. स्वयंपाकघरातून परसात उघडणारं ते दार, हिरव्या ऑइलपेंटचं. पाऊस लागला की फुगायचं आणि चौकटीत घट्ट बसायचं. आई परसातल्या नळावरून कळशी कमरेवर घेऊन यायची, मोकळ्या हाताने कडी धरून दार जरासं वर उचलायची आणि खाली टाच मारायची. दार कर्रर्र करून उघडायचं. तो आवाज पुढच्या खोलीत यायचा, की रूथ जिथं असेल तिथून ओरडायची, ‘‘आई, भूक लागली!’’ आणि आई म्हणायची, ‘‘आले.’’ पावसाळाभर दिवसातून कितीदा तरी.

मी आठवीत असताना, श्रावणात, आई गेली. कावीळ झाली आणि हां हां म्हणता गेली. मी रडले नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही, जे झालं ते सांगते. मला दाराबाहेरच्या चपला आठवतात. इतक्या चपला आमच्या दारात कधी नव्हत्या, आणि आता ह्या लोकांना आपापली चपल सापडणार कशी, ह्याचीच मला काळजी पडली होती. कबरस्तानात चिखल होता. कोणीतरी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि मला वाटलं, छत्रीची एक काडी मोडलीय, सांगावं का.

पाय बधिर होतो तेव्हा आपण तो चिमटून पाहतो. पाय दिसतो, आपलाच असतो, चिमटा दुसऱ्याला बसतो. तसं. पायाला थोड्या वेळाने मुंग्या येतात, मला त्याही येईनात. शाळेत जायचे, यायचे. त्या सहामाहीला गणितात मला कधी नव्हेत इतके मार्क पडले. बाई म्हणाल्या, ‘‘शहाणी गं बाई, किती सावरलंस स्वतःला.’’ मी हो म्हटलं. भाजी खारट झालीय का विचारलं तर खाऊनही सांगता यायचं नाही.

पप्पा अंबडला एका कारखान्यात टर्नर होते. सकाळी कंपनीच्या बसने जायचे, संध्याकाळी यायचे, खाटेवर बसायचे. अंगाला मशीनच्या तेलाचा वास. जेव म्हटलं की जेवायचे. देवळात त्यांनी पाऊल टाकलं नाही त्यानंतर. रविवारी घंटा झाली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाळकसाहेब घरी आले तेव्हा पप्पांनी उठून खुर्ची दिली, चहा दिला, आणि एक शब्द बोलले नाहीत. साहेबांनी प्रार्थना केली. पप्पांनी आमेनही म्हटलं नाही. शांताकाकू म्हणायच्या, ‘‘घरात तीन माणसं आहेत की तीन खांब?’’ पण त्यांचेही डोळे भरायचे.

घर चालवलं ते आत्याने. पप्पांची धाकटी बहीण, इगतपुरीला दिलेली, नवरा रेल्वेत. आपलं घर सासूवर टाकून ती ट्रंक घेऊन आमच्याकडे आली आणि पदर खोचून कामाला लागली. आत्या म्हणजे तोंडाची फटकळ, हाताची उदार. माझ्याकडे बघून म्हणायची, ‘‘पोरगी हाय का पाटा? एक टिपूस नाय.’’ आणि लगेच माझ्या ताटात भाकरीचा मऊ पापुद्रा काढून ठेवायची. तिनं आईच्या साड्या धुऊन, घड्या घालून गरजवंतांना देऊन टाकल्या. गादीचा कापूस नव्याने पिंजून आणला. आईची चपल कुठं गेली ते मला माहीत नाही. आत्याचं चूक नव्हतं, आमच्यात तसंच करतात. गेलेल्याचं घरात ठेवलं की मागं राहिलेल्याचं मन उठत नाही म्हणतात. एकदा शाळेतून आले तर घरात आईचं काही दिसेना.

आगमनकाळ लागला आणि रूथने सुरू केलं. ‘‘आपली मेणबत्ती कधी करायची?’’ आत्या म्हणायची, करू. मी म्हणायचे, करू. ती रोज विचारायची, दात घासताना, वेणी घालताना. आधी मला कळलं नाही तिला एवढी घाई कसली. मग एकदा तीच म्हणाली, ‘‘ताई, साड्या गेल्या ना. डब्यातलं आहे ना पण? त्याला आईचा हात लागलाय ना?’’ मी म्हटलं, ‘‘आहे ना.’’ कोनाड्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा दिसत होता की तिथं.

पहिलंच वर्ष, म्हणून घरात तेल चढलं नव्हतं. सुतक आम्ही मानत नाही, पण पहिल्या नाताळाला कढई ठेवत नाहीत. शेजारून डबे येत होते, शंकरपाळे, करंज्या. तिसऱ्या रविवारी दुपारी भिंतीपलीकडून मेणाचा वास यायला लागला आणि काकूंची हाक आली, ‘‘लीला, विरजण घेऊन ये गं!’’ मी स्टुलावर चढून डबा काढला. रूथ खाली हात पसरून उभी. डबा हलका लागला. झाकण काढलं, आत नुसता कागद. घडी घातलेला, नीट, रिकामा.

‘‘आत्या, ह्यातलं मेण?’’

‘‘ते व्हय?’’ आत्या तांदूळ निवडत होती. ‘‘ते मी मागल्या दाराला चोळलं की. लय आडकत व्हतं पावसात. आमच्याकडं इगतपुरीला तर घरटी मेणाचा खडा असतोय, चार महिने दारं-खिडक्या काय हलायच्या नायत त्याबिगर. म्हटलं वहिनीनं त्याच्यासाठीच ठिवलं आसंल. बघ ना, आता कसं लोण्यावानी फिरतं.’’

खरंच होतं. दार त्या श्रावणापासून वाजलं नव्हतं. आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

रूथ रडली नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि डबा मांडीवर घेतला. आत्याने हात थांबवला, आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. ‘‘का गं? काय झालं? कसलं व्हतं ते?’’ मी सांगितलं. बातम्या सांगतात तसं सांगितलं. आत्याच्या हातातलं सूप खाली गेलं. ‘‘अगं माझ्या कर्मा,’’ ती म्हणाली, आणि पदर तोंडात धरला.

रूथ म्हणाली, ‘‘मी देवळात येणार नाही.’’

पुढच्या खोलीत पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, रविवार होता. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते उठून आत आले. मागचं दार उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. दार काही बोलेना. त्याच्या कडेवर त्यांनी हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

मी काकूंकडे गेले, कारण हाक आली होती म्हणून. काय झालं ते सांगितल्यावर काकूंनी आपल्या विरजणाचा तुकडा सुरीने अर्धा केला आणि माझ्या हातात ठेवला. ‘‘हे घे. तुझ्या आईनंच दिलेलं आहे, तिचंच आहे. विरजण कुठं मरतं का, वेडे?’’ मी म्हटलं, ‘‘चालेल.’’ काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला खरंच चालत होतं. हे नसतं तरी चाललं असतं, मेणबत्ती नसती तरी, नाताळ नसता तरी.

परत आले तर दार चौकटीत नव्हतं. पप्पांनी ते बिजागऱ्यांवरून उतरवून परसात दोन पाटांवर आडवं घातलं होतं, खाली वर्तमानपत्र. हातात हॅक्सॉचं पातं. दाराच्या कडेवरून ते पातं ओढत होते, सावकाश, एका दिशेने, आणि पात्यापुढे बारीक बारीक वळ्या निघत होत्या. तपकिरी मेण, त्यात हिरव्या रंगाचे कण, लाकडाचा भुसा. रूथ शेजारी उकिडवी बसून ओल्या बोटाने एकेक वळी टिपत होती आणि डब्यात झटकत होती.

‘‘रूथ, फुंकू नको,’’ पप्पा म्हणाले. ‘‘उडून जाईल.’’

कितीतरी दिवसांनी ते आपण होऊन काही बोलले होते.

आत्या भिंतीला टेकून रडत होती. ‘‘दादा, मला काय ठावं रे. मी आसं कसं केलं.’’

‘‘तुझं काही चुकलं नाही,’’ पप्पा पातं न थांबवता म्हणाले. ‘‘दार अडकत होतंच. मी कितीदा म्हटलं तिला, रंधा मारून घेऊ. नको म्हणायची. म्हणायची, मी आल्याचं कळतं घरात.’’

एवढं बोलून ते थांबले, आणि बाहीने तोंड पुसलं. मग पुन्हा पातं चालू झालं. मी उभी होते, मुठीत काकूंनी दिलेला तुकडा. आता तरी रडू येईल असं मला वाटलं. मी वाटही पाहिली. नाही आलं.

सगळं मिळून निघालं ते चिंचोक्याएवढं. रूथने स्वतः ते काकूंकडे नेलं, मागून पप्पा, आत्या, मी. घरात कोणी नाही आणि मागे दारही नाही, पण कोणाला पर्वा नव्हती. काकूंनी ते डब्यात टाकलं. मेण वितळलं, रंग आणि भुसा तळाशी फिरत राहिला.

‘‘गाळून घेऊ का, भाऊजी?’’ काकूंनी विचारलं.

‘‘नको,’’ पप्पा म्हणाले. ‘‘असू द्या सगळं.’’

काकूंनी दिलेला तुकडाही त्यातच गेला. देठ सोलल्यावर मेणबत्ती निघाली ती अशी मळकी हिरवट, की अंगणातल्या पोरांनी नाकं मुरडली. रूथने ती फ्रॉकला पुसली आणि उशाशी घेऊन झोपली.

चौथ्या रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं एका बाकावर बसलो. पप्पांनी दाढी केली होती. ते देवळात शिरले तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली आणि लगेच थांबली. दिवे मालवले. घरं पुकारली जाऊ लागली. भालेरावांचं घर, आलं. साळव्यांचं घर, आलं. आमचं नाव आलं तेव्हा पाळकसाहेबांचा आवाज किंचित खाली गेला.

‘‘पवारांचं घर.’’

पप्पा अर्धवट उठले आणि परत बसले. मग रूथ बाकावर उभी राहिली आणि सबंध देऊळ दचकेल अशी ओरडली, ‘‘आलं!’’

पुढं गेल्यावर आत्याने मला कोपराने ढकललं. ‘‘लीला, तू लाव. घरची तू हायेस, मी पाव्हणी.’’ मी लावली. वात पेटली आणि मेणबत्ती तडतडायला लागली, फोडणीत पाणी पडल्यासारखी. ऑइलपेंटचा वास सुटला. ज्योतीची कड क्षणभर हिरवी झाली. मागं कोणीतरी खोकलं. पप्पा अगदी हळू, आमच्यापुरतंच म्हणाले, ‘‘दाराच्या खालच्या अस्तराचा रंगही आलाय वाटतं,’’ आणि रूथला हसू फुटलं, आणि तिला हसताना बघून पप्पांचा बांध फुटला. वेदीपुढे, सगळ्या मंडळीसमोर, हुंदके देऊन रडले ते. आत्या रडली. बाकाबाकांवर बायका डोळे पुसत होत्या. मेणबत्ती वाळूत रोवताना एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, पसरला, पांढरा झाला. मी तो बघत राहिले. भाजलं असणार. नंतर तो नखाने सोलून काढला, बाहेर येऊन केक खाल्ला.

बरं वाटावं म्हणून इथं मी लिहू शकले असते, की त्या उजेडात माझं मन मोकळं झालं. नाही झालं. पप्पांचं झालं, रूथचं झालं. पुढच्या रविवारपासून पप्पा देवळात जायला लागले, उजवीकडच्या बाकावर. मला त्यांचा राग नव्हता, हेवाही नव्हता. मी काचेच्या अलीकडे होते, एवढंच. लोकांना वाटतं ज्याला दुःख होतं तो रडतो. असतील तसे लोक. काहींचं दुःख लांबच्या गाडीने येतं, आणि तोवर फलाटावर बसून राहायचं, दुसरं काय करता येतं?

पप्पाही आता नाहीत. ती घरं पाडून तिथं चार मजले उभे राहिलेत, सरकत्या खिडक्यांचे. शांताकाकू गेल्या तेव्हा त्यांच्या सुनेने फडताळ उपसताना विरजणाची कागदी पुडी माझ्याकडे आणून दिली, म्हणाली, ‘‘तुमच्यात ठेवा, आम्ही काय करणार?’’ माझ्या स्वयंपाकघरात तो डबा अजून आहे. डालडा गेला, डबा राहिला. आतल्या मेणात नीट पाहिलं तर हिरवा कण दिसतो, असं रूथ म्हणते. मला चष्मा लावूनही दिसत नाही, पण मी हो म्हणते. ह्या चौथ्या रविवारी मी सेलवरची मेणबत्ती हातात धरणार, सहकार्य करणार, आणि घरी येऊन आपली पेटवणार, सिंकच्या कडेला. रूथला फोनवर दाखवीन.

त्या नाताळानंतर उन्हाळ्यात आत्या इगतपुरीला परत गेली. जाताना मला पोळ्या शिकवून गेली, आणि सासूच्या नावाने चार शिव्या देऊन गेली. मग आषाढ लागला. दाराच्या कडेचं मेण पप्पांनी सगळं खरवडून काढलेलं, तेव्हा दार पुन्हा फुगलं आणि चौकटीत घट्ट बसलं. मला ते ठाऊक नव्हतं. दुपारी मी नळावरून कळशी भरून कमरेवर घेतली आणि दार ढकललं, तर हलेना. एक हात कळशीला. मग मी दुसऱ्या हाताने कडी धरली, दार जरासं वर उचललं आणि खाली टाच मारली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच आलं.

कर्रर्र.

आणि पुढच्या खोलीतून, झोपेतल्या आवाजात, रूथ म्हणाली, ‘‘आई, भूक लागली.’’

मग तिलाच कळलं असावं. मी उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. कळशी कधी कलली कळलं नाही, पाणी पायांवर सांडत होतं, थंडगार, आणि ते मला थंड लागत होतं. मी कळशी खाली ठेवली आणि दाराला धरून रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओढणी तोंडात कोंबली, तरी जात होता. आत रूथ वाट पाहत होती.

मी तोंड पुसलं.

‘‘आले,’’ म्हटलं.